४० फुटी कंटेनरची पावडर कोटिंग भट्टी : काय केलं, काय उपटून पुन्हा केलं

शिरोली_वर्कशॉप (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी मी इथे विचारलं होतं की जुन्या कंटेनरची पावडर कोटिंगची भट्टी (लोखंडावर मारलेली रंगाची पावडर भाजून पक्की करायची) करता येईल का. तेव्हा बऱ्याच जणांनी आपला वेळ मोडून सल्ले दिले. भट्टी आता आठ महिने रोज चालते आहे. ज्यांना पुढे हे करायचं आहे त्यांच्यासाठी सगळं मांडून ठेवतो.

आमचं वर्कशॉप कोल्हापूरला, शिरोली एमआयडीसीत. गेट, रेलिंग, रोटाव्हेटरच्या फ्रेम, शेडचे खांब अशी कामं. पाईप, अँगल, चौकोनी ट्यूब बाजारात ६ मीटर लांबीत मिळते आणि गिऱ्हाईकाला रेलिंग अखंड हवी असते. आसपासच्या कोटिंगवाल्यांच्या भट्ट्या ३ ते ४ मीटरच्या. त्यामुळे आम्ही रेलिंग कापायचो, कोटिंग करून आणायचो आणि साइटवर जोडायचो. जोडावर पावडर जळायची, तिथे ब्रश मारायचा, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथूनच गंज. हे मनाला लागायचं.

२० फुटी कंटेनर स्वस्त पडतो म्हणून आधी तोच डोक्यात होता. पण तो बाहेरून ६.०५ मीटर असला तरी आतून ५.९ मीटरच भरतो, आणि इन्सुलेशन लावल्यावर साडेपाच उरतात. ६ मीटरचा पाईप त्यात जमिनीवर तिरपा ठेवूनही बसत नाही. म्हणून ४० फुटी हाय क्यूब घेतला. आतून १२.०३ मीटर लांब, २.३५ रुंद, जवळपास २.७ उंच. साध्या उंचीचा २.३९ असतो. वरखाली इन्सुलेशन आणि ट्रॉलीचे रूळ गेले की त्यात जॉब टांगायला काही उरत नाही, म्हणून हाय क्यूबच घ्या.

दाराकडचे ८ मीटर भट्टीला दिले, मागच्या ४ मीटरमध्ये आडवी भिंत घालून बर्नर, हीट एक्सचेंजर आणि ब्लोअर बसवला. तयार चेंबर ७.६ मीटर लांब, २.१ रुंद, २.४ उंच. म्हणजे साधारण ३८ घनमीटर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कंटेनर हे फक्त कवच आहे. भट्टी त्याच्या आत वेगळी उभी करायची असते, आणि ती आतल्या आत सरकायला मोकळी ठेवायची असते. हे मला तोंडी पाठ होतं, तरी हातानं चूक झालीच. पहिल्या तीन भागांचा आतला पत्रा आम्ही लांब सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारून थेट कंटेनरच्या नालीदार भिंतीशी आवळला. काम पटापट झालं, दिसायलाही चकाचक. पहिल्या ट्रायलला तापमान १६० च्या पुढे गेलं आणि आतून धाड्‌धाड् आवाज सुरू झाले. बर्नर बंद करून दार उघडलं तर पत्रे पोट काढून बसलेले. दुसऱ्या दिवशी बाहेरून फिरलो. कंटेनरच्या निळ्या रंगावर, एका ओळीत, हातभर अंतरावर, रुपयाएवढे तपकिरी डाग. प्रत्येक स्क्रूच्या जागी एक. स्क्रूनं आतली उष्णता सरळ बाहेर आणून रंग भाजला होता.

हिशेब साधा आहे. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. ७.६ मीटर लांबी, ३० वरून २०० अंश. साडेपंधरा मिलिमीटर होतात. एवढं पत्र्याला जायला जागा दिली नाही तर तो फुगणारच.

सगळं उपटलं. नंतर पत्र्याचे मीटरभर रुंदीचे खोके केले. एकाची कड दुसऱ्यात सरकते, मध्ये १३० मिलिमीटर रॉकवूल (दगडाच्या धाग्यांची लोकर) दाबून भरलेलं. प्रत्येक खोक्याला एकच बोल्ट पक्का, बाकीची भोकं लांबट. कंटेनरला जिथे टेकतो तिथे मधे कॅल्शियम सिलिकेटच्या (उष्णता अडवणाऱ्या टणक बोर्डाच्या) तुकड्याची गादी. आता २०० अंशाला बाहेरच्या भिंतीवर तळहात ठेवून बोलत उभं राहता येतं.

बाकी विचारा, सांगतो.

सातारा_फॅब

दादा, फार उपयोगी लिहिलंत. आमचंही काम सुरू आहे. एक शंका. इन्सुलेशन बाहेरून गुंडाळलं तर? आतली जागा वाचते, आतला पत्रा वाचतो. कंटेनर तसाही पोलादाचाच आहे, तोच तापू दे.

जुना_भट्टीवाला

सातारा, तसं करू नका. मी स्वतः एका ठिकाणी तशी बांधलेली भट्टी दुरुस्त करायला गेलो होतो, शेवटी मोडून टाकायला सांगितली.

४० फुटी हाय क्यूबचं रिकामं वजन साधारण ३९०० किलो. एक किलो पोलाद एक अंश तापवायला अर्धा किलोज्यूल लागतो. ३० वरून २०० वर न्यायचं तर या सांगाड्यालाच ९० युनिटपेक्षा (युनिट म्हणजे किलोवॅट-तास) जास्त उष्णता लागेल. तुमचा जॉब ८०० किलोचा, त्याला लागतात १९ युनिट. म्हणजे रोज सकाळी तुम्ही आधी कंटेनर शिजवणार, मग जॉब. आतून इन्सुलेशन केलं तर तापवायचा असतो फक्त आतला पत्रा आणि डक्ट, सगळं मिळून टनभर, २३-२४ युनिट.

दुसरं म्हणजे कंटेनरचा आतला रंग. तो २०० अंशासाठी केलेला नसतो. तो धूर सोडतो, पोपडे धरतो, आणि ते पोपडे वितळलेल्या पावडरवर येऊन बसतात. शिवाय सांगाड्याचे कोपरे जाड ओतीव, भिंत दोन मिलिमीटरच्या आतली, छत तसंच. पातळ आधी वाढतं, जाड मागाहून. दारं अडकायला लागतात.

उरण_यार्ड

मी कंटेनरच्या व्यवहारात आहे, जेएनपीए (जुनं जेएनपीटी) बंदराच्या बाजूला. घेणाऱ्यांसाठी थोडं लिहितो.

यार्डात गेलात की आत जा आणि दार बंद करून घ्यायला सांगा, एक माणूस बाहेर दाराशी उभा ठेवून. अंधारात दोन मिनिटं डोळे स्थिरावू द्या. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे भोक आहे. छत आधी बघा, तिथेच दुसऱ्या कंटेनरचे कोपरे आपटलेले असतात. मग खाली वाकून आडव्या पट्ट्या बघा, गंज तिथे लपतो. आतला वास घ्या. रसायनं किंवा तेल वाहिलेला कंटेनर नको.

जमिनीचं लाकूड २८ मिलिमीटरचं मरीन प्लायवुड असतं आणि त्याला किडीचं औषध पाजलेलं असतं. दारावरच्या सीएससी पाटीवर (कंटेनरच्या सुरक्षा मंजुरीची पाटी) बहुधा लाकडाच्या औषधाचा उल्लेख असतो. ते सगळं काढूनच टाका, आणि काढलेलं प्लाय शेकोटीत जाळू नका, त्या धुरानं त्रास होतो. पोरांना सांगून ठेवा, कारण फुकटचं जळण दिसलं की हात जातोच.

सातारा_फॅब

उरणदादा, रीफर (थंड माल नेणारा) कंटेनर मिळाला तर? त्याला आयतं इन्सुलेशन असतं, आतून स्टेनलेसचा पत्रासुद्धा असतो. इथे एक जण देतो म्हणतोय.

उरण_यार्ड

नको. आणि हे मी माझा साधा माल खपवायला सांगत नाही, रीफर मीही विकतो. त्याच्या भिंतीत पॉलियुरेथेन फोम असतो. तो उणे तापमानासाठी आहे. शंभर-सव्वाशेच्या पुढे तो बिघडायला लागतो, आणि पेटला तर धुरात सायनाइड वायू असतो. त्याचं कोल्ड स्टोरेज करा, द्राक्षं ठेवा. भट्टी अजिबात नाही.

पावडरवाली

नाशिकला अंबडमध्ये माझं कोटिंगचं युनिट आहे, बारा वर्षं झाली. धागा छान चाललाय. शिरोली, आतला पत्रा कोणता वापरलात? जीआय असेल तर एक सांगते. जस्ताचा थर सतत २०० अंशाच्या वर राहिला की वरचा पापुद्रा सुटायला लागतो. माझ्या पहिल्या भट्टीत जीआय होता. वर्षभर काही नाही, मग काळ्या जॉबवर करडे कण दिसायला लागले. आम्ही पावडर बदलली, गन बदलली, कॉम्प्रेसरचा ड्रायर बदलला. शेवटी एका पोरानं छतावर बोट फिरवून दाखवलं. बोट करडं झालं.

शिरोली_वर्कशॉप (धागाकर्ता)

ताई, अॅल्युमिनाइज्ड (अॅल्युमिनियमचा थर दिलेला) पत्रा वापरला आहे, १.२ मिलिमीटर. जीआयपेक्षा महाग पडला, पण तुम्ही दोन वर्षांपूर्वी याच कारणासाठी सांगितलं होतं, लक्षात ठेवलं. डक्टही त्याचेच.

जमिनीचं राहिलं होतं. प्लाय काढल्यावर खाली आडव्या पट्ट्या साधारण फुटाच्या अंतरानं असतात. त्यांच्या मधे रॉकवूल भरलं, पण वजन रॉकवूलवर येता कामा नये. रुळाखाली कॅल्शियम सिलिकेटच्या विटांची रांग घातली, त्यावर उलटा अँगल हाच रूळ. ट्रॉली ३५० किलो, वर जॉब ८०० किलोपर्यंत. जॉब ट्रॉलीवरच्याच चौकटीला टांगतो. कंटेनरच्या छताला काहीही टांगायचं नाही, त्या छताला ती ताकद नाही.

कंट्रोलपॅनल

बर्नरबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून विचारतो. थेट ज्योत की एक्सचेंजर? एलपीजी की डिझेल? आणि ज्योत लावण्याआधी साचलेला गॅस बाहेर काढायला हवा मारायची सोय काय?

शिरोली_वर्कशॉप (धागाकर्ता)

एलपीजी, तासाला दीड लाख किलोकॅलरीचा बर्नर, एसएस ३०४ च्या नळ्यांचा एक्सचेंजर. ज्योतीचा धूर चेंबरमध्ये येत नाही. थेट ज्योत स्वस्त आणि इंधनही कमी, पण आमच्याकडे पांढऱ्या रेलिंगचं काम जास्त आणि जळलेल्या वायूनं पांढरा रंग पिवळसर पडतो.

आकडा कसा काढला ते सांगतो. ८०० किलो जॉब आणि ३५० किलो ट्रॉली मिळून २७ युनिट, ती २५ मिनिटांत द्यायची म्हणजे ६५ किलोवॅट. भिंतीतून, दारातून जाणारी १०-१२. बाहेर सोडायच्या हवेबरोबर जाणारी १६. झाले ९१-९३. एक्सचेंजरमध्ये पाचवा हिस्सा धुराड्यातून जातो म्हणून ११५ च्या आसपास. तासाला दीड लाख किलोकॅलरी म्हणजे १७४ किलोवॅट, सकाळी थंड भट्टी उचलायला तेवढी वरची ताकद बरी.

कंट्रोलपॅनल

हिशेब बरोबर आहे. आता माझ्या बाजूचं लिहितो, आणि हे सगळ्यांनी वाचावं अशी विनंती आहे.

तुमचं चेंबर ३८ घनमीटरचं. एलपीजी हवेत साधारण दोन टक्के झाला की स्फोटाला पुरतो. म्हणजे थेट ज्योतीच्या भट्टीत अवघा दीड किलो गॅस अख्खं चेंबर भरायला पुरेल. हा बर्नर पूर्ण उघडा असताना तासाला साडेतेरा किलो ओढतो. ज्योत लागली नाही आणि गॅस चालू राहिला तर सात मिनिटं पुरे. एक्सचेंजर असेल तर त्याची पोकळी आणखी लहान, तिथे काही सेकंदांचा मामला आहे. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, आणि कंटेनरच्या तळाला तर पोकळ्याच पोकळ्या.

म्हणून क्रम असा. आधी एक्झॉस्ट आणि ब्लोअर चालू. हवा खरोखर वाहते आहे हे प्रेशर स्विचनं सांगायला हवं, मोटर फिरते एवढ्यावर विश्वास नाही, कारण पट्टा तुटला तरी मोटर फिरतच राहते. चेंबरच्या चौपट हवा बाहेर गेल्याशिवाय ठिणगी नाही. तुमच्या बाबतीत १५२ घनमीटर. गॅसच्या लाइनवर एकामागे एक दोन सोलेनॉइड (विजेवर उघडमिट होणारे व्हॉल्व्ह). ज्योत बघणारा सेन्सर, ज्योत गेली की दोन्ही बंद. आणि तापमानाचा वेगळा हाय लिमिट, स्वतःचा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) असलेला, हातानं रिसेट करावा लागणारा. पीआयडी कंट्रोलरचा (रोजचं तापमान राखणाऱ्या यंत्राचा) रिले चिकटला तर तोच एक वाचवतो.

पॅनलमध्ये यातला एकही इंटरलॉक (सुरक्षेची अट) वायर टाकून बायपास केलेला दिसला तर भट्टी बंद करा, डिलिव्हरी उद्या द्या.

शिरोली_वर्कशॉप (धागाकर्ता)

हे सगळं आहे. एक्झॉस्ट तासाला १५०० घनमीटरचा, सहा मिनिटांचा टायमर सात मिनिटांवर ठेवलाय. नंतर डॅम्पर (हवेची झडप) अर्ध्याहून जास्त मिटतो.

गॅसचा एक अनुभव. सुरुवातीला साधे १९ किलोचे सिलिंडर जोडून चालवायला गेलो. तासाभरात सिलिंडरवर बर्फ चढला आणि दाब पडला. गॅस जेवढ्या वेगानं ओढतो तेवढ्या वेगानं आतलं द्रव वाफ होऊ शकत नाही. आता ४७.५ किलोचे द्रव देणारे दोन सिलिंडर आणि बाहेर व्हेपोरायझर (द्रवाची वाफ करणारं यंत्र) आहे. दोन मिळून ९५ किलो. १०० किलोच्या वर साठा करायचा तर पेसोचा (स्फोटक-सुरक्षेचं केंद्र सरकारी खातं) परवाना लागतो, त्यांचं मुख्यालय नागपूरलाच आहे. पुढे तो घ्यायचा विचार आहे.

जुना_भट्टीवाला

दाराबद्दल लिहा हो कुणीतरी. नाहीतर मीच लिहितो.

कंटेनरच्या दाराला बाहेरून चार उभे दांडे असतात, वरखाली कानात अडकणारे. समुद्रात लाटा बसल्या तरी दार उघडू नये म्हणून ती रचना आहे. भट्टीला नेमकं उलटं हवं. आत काही झालं तर दार आपोआप उघडून दाब बाहेर जायला पाहिजे, आणि आत माणूस असला तर त्याला खांद्यानं ढकलून बाहेर येता आलं पाहिजे.

एका कारखान्यात, नाव लिहीत नाही, संध्याकाळच्या पाळीला एक पोरगा हुकावरून पडलेला जॉब उचलायला आत गेला. बाहेरच्यानं बघितलं ट्रॉली आत आहे, दार लोटलं, दांडे फिरवले आणि स्टार्ट दाबलं. हवा मारायचा टायमर होता म्हणून पाच मिनिटं ज्योत लागली नाही. तो आतून पान्ह्यानं पत्रा बडवत होता. ब्लोअरच्या आवाजात ऐकू येईना. चहा घेऊन आलेल्या बाईंच्या कानावर ते गेलं, म्हणून तो आज आहे. मी दुसऱ्या दिवशी तिथे गेलो, ते दांडे गॅस कटरनं कापले आणि माझ्या टेम्पोतून घेऊन आलो. अजून माझ्याकडे पडून आहेत.

तेव्हा दांडे काढा. बॉल कॅच किंवा रोलर कॅच लावा, दाबानं सुटणारा. दाराला लिमिट स्विच. आतून, दाराजवळ आणि पाठीमागे, लाल बटण. भट्टीच्या तापाला टिकणारं मिळालं नाही तर आतून ओढायची साखळी ठेवा, बाहेरच्या स्विचला जोडलेली.

शिरोली_वर्कशॉप (धागाकर्ता)

काका, तुम्ही फोनवर हे सांगितलं होतं तेव्हाच दांडे काढले. साखळी लावली आहे. आणि स्टार्टची चावी एकच, ती ज्याच्याकडे असेल तोच आत जाणार. चावी खिशात घेऊनच आत जायचं.

दाराचं मूळ रबरही काढलं. ते भट्टीच्या तापाला टिकत नाही. काचेच्या धाग्याची दोरी, आत स्टीलची जाळी असलेली, दोन रांगांत लावली. दाराच्या आतून १३० मिलिमीटरचा खोका बसवला, त्यामुळे दाराचं वजन वाढलं आणि बिजागऱ्या खाली बसायला लागल्या. खाली एक चाक दिलं. आणि कंटेनर लेव्हलला बसवा, मनापासून सांगतो. चारही कोपऱ्यांखाली काँक्रीटचे ठोकळे, पाण्याच्या नळीनं लेव्हल. आमचा एक कोपरा १२ मिलिमीटर खाली होता तर दोन्ही दारं एकमेकांवर चढत होती. हायड्रा क्रेन पुन्हा बोलवावी लागली.

सातारा_फॅब

तीन आठवड्यांनी येतोय. आमची भट्टी लहान आहे पण चालू झाली. तापमान बरोबर येतं. पण एक मोठी अडचण. प्रत्येक जॉबवर बारीक खड्डे पडतायत, टाचणीच्या डोक्याएवढे, मधे खाली धातू दिसतो, कडेला वळी. डिग्रीसिंग दोनदा केलं, फॉस्फेटिंग नवीन टाकीत केलं. पावडरवाल्यानं दुसरा लॉट दिला. तेच. तीन ऑर्डर अडकल्यात.

पावडरवाली

खड्डे गोल आहेत का? आणि हाच जॉब दुसऱ्या कुणाच्या भट्टीत भाजून बघितलात का?

सातारा_फॅब

गोल आहेत. काल तुमचं वाचून एक तुकडा इथेच पावडर मारून मित्राच्या भट्टीत नेला. एकही खड्डा नाही.

पावडरवाली

मग पावडर, गन, धुलाई सगळं सुटलं. दोष भट्टीत आहे. आतल्या पत्र्याचे सांधे कशानं भरलेत?

सातारा_फॅब

लाल हाय टेम्परेचर सिलिकॉन. ट्यूबवर ३०० अंश लिहिलंय. एकंदर २२ ट्यूब गेल्या.

पावडरवाली

सापडलं. भाऊ, ते सिलिकॉन ३०० अंशाला टिकतं हे खरं आहे, पण गरम झाल्यावर त्यातून अगदी सूक्ष्म वाफ निघते आणि ती वितळलेल्या पावडरवर बसते. जिथे तो कण बसतो तिथून रंग मागे सरतो. कोटिंगच्या आवारात सिलिकॉनचा स्प्रेसुद्धा येऊ देत नाही आम्ही, दाराच्या बिजागरीला नाही, ट्रॉलीच्या चाकाला नाही. माझ्याकडे एकदा एका ड्रायव्हरनं शेडमध्ये गाडीचा डॅशबोर्ड चमकवला होता, त्या दिवसाचा सगळा माल परत गेला.

आता कामाला लागा. सगळं सिलिकॉन खरवडून काढा, जेवढं दिसेल तेवढं सगळं. मागे राहिलेली चिकट रेघ आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, फडकं एकदा वापरून फेकायचं. पुसताना बर्नरचा मेन व्हॉल्व्ह बंद, दारं उघडी, आणि अल्कोहोल पूर्ण उडाल्याशिवाय भट्टी लावायची नाही. नंतर रिकामी भट्टी २३० ला चार-पाच तास, एक्झॉस्ट पूर्ण उघडा. मग चाचणीचे तुकडे टांगा, एक पुढे, एक मधे, एक मागे. खड्डे थांबेपर्यंत हे पुन्हा करा. सांधे पत्रा दुमडून बंद करा, शिरोलीनं केलंय तसं एकात एक सरकवून. भरायचंच झालं तर सिरॅमिक फायबरची पट्टी, वर पत्र्याची पट्टी.

कंट्रोलपॅनल

तोवर एक वेगळा मुद्दा. शिरोली, ब्लोअरला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावलात का? सकाळी ओव्हरलोड पडत नाही?

शिरोली_वर्कशॉप (धागाकर्ता)

पडायचा. साडेसात एचपीची मोटर. २०० अंशाला ८ अँपिअर घेते, आणि थंडीच्या सकाळी साडेबारा. थंड हवा जड. २०० अंशाच्या हवेपेक्षा दीडपट. मिस्त्री म्हणाला मोटर बदला, कंट्रोलदादांनी सांगितलं व्हीएफडी लावा, तो लावला. आता सकाळी ३५ हर्ट्‌झवर सुरू, तापत गेलं की ५०.

त्याचा दुसरा फायदा आधी लक्षात नव्हता. जॉब आत गेल्यावर पहिली चार मिनिटं ब्लोअर मंद ठेवतो. पावडर तेव्हा नुसती चिकटून असते, वितळलेली नसते. पूर्ण वेगानं हवा मारली की कोपऱ्यातली पावडर उडते. ती वितळून चमकायला लागली की वेग वाढवायचा. हवा दोन्ही बाजूंनी खालच्या डक्टमधून सोडली आहे, वरच्या मधल्या डक्टमधून परत ओढतो. डक्टच्या फटींना सरकती पट्टी दिली आहे. मागच्या टोकाला हवा जास्त जायची, दाराकडे कमी. पट्ट्या सरकवून सरकवून दोन दिवस गेले, पण आता सगळीकडे पाच अंशांच्या फरकात आहे.

पावडरवाली

ते कशानं मोजलंत? पॅनलवरचा आकडा धरू नका. तो हवेचा असतो.

शिरोली_वर्कशॉप (धागाकर्ता)

लॉगरनं (तापमान नोंदवत राहणारं यंत्र), सहा थर्मोकपल जॉबवरच बांधून. तुमचं म्हणणं कळलं तेव्हा मी चकित झालो होतो. पावडरच्या डब्यावर लिहिलेलं २०० अंश, १० मिनिटं हे धातूचं तापमान असतं. एकाच ट्रॉलीवर २ मिलिमीटरची ट्यूब आणि १२ मिलिमीटरची प्लेट टांगली. ट्यूब १५ मिनिटांत १९० वर. प्लेट त्याच वेळी १२० च्या आसपास होती, १९० गाठायला तिला पाऊण तास लागला. इतके दिवस आम्ही दोन्ही एकत्र टांगून २५ मिनिटांत काढत होतो. रोटाव्हेटरच्या साइड प्लेट वरून गुळगुळीत दिसायच्या आणि शेतात दगड लागला की कपची उडायची. त्या गिऱ्हाइकांना बोलावून मी माल परत घेतला आणि पुन्हा करून दिला. आता जाड जॉब वेगळ्या ट्रॉलीवर.

जुना_भट्टीवाला

परत घेतलात हे चांगलं केलंत. धंदा त्यावरच चालतो.

पहिल्यांदा तापवताना एक लक्षात ठेवा, नवीन वाचणाऱ्यांसाठी लिहितो. रॉकवूलमधला बाइंडर (धागे चिकटवून ठेवणारा डिंक) जळतो. पिवळट धूर येतो, डोळे चुरचुरतात. घाबरून जाऊ नका आणि आत डोकावूही नका. रिकामी भट्टी, एक्झॉस्ट पूर्ण उघडा, २२० ला अर्धा दिवस. पहिल्या दिवशी जॉब घालायचा नाही, कितीही घाई असली तरी.

सातारा_फॅब

दहा दिवसांनी. खड्डे गेले. सिलिकॉन खरवडायला चार माणसं तीन दिवस लागली, कोपऱ्यात सुरीच्या टोकानं काढलं. पहिल्या भाजणीनंतर मागच्या तुकड्यावर अजून सात-आठ खड्डे होते. दुसऱ्या भाजणीनंतर एक. तिसऱ्यानंतर तिन्ही तुकडे स्वच्छ. नखानं घासलं, चाचणीची पट्टी वाकवली, एमईके (रंग विरघळवणाऱ्या द्रवा)च्या बोळ्यानं पन्नास वेळा पुसलं, रंग सुटला नाही. आज पहिली ऑर्डर गेली. ताई, तुमचे उपकार विसरणार नाही.

दाराचे दांडेही काढले. काकांची ती गोष्ट आमच्या पोरांना वाचून दाखवली, दोघांनी आपणहून साखळी बसवली.

आता एकच राहिलं. माझ्याकडे लॉगर नाही, आणि मलाही १० मिलिमीटरच्या प्लेटचं काम आलंय.

शिरोली_वर्कशॉप (धागाकर्ता)

माझा घेऊन जा. बुधवारी दुपारी एकनंतर या, तेव्हा जाड जॉबची ट्रॉली आत जाते, थर्मोकपल कसे बांधायचे ते बघता येईल. तारा नव्या आहेत, फक्त क्लॅम्पचे दोन स्प्रिंग ढिले झालेत, येताना घेऊन या. साताऱ्यात मिळतात, इथे मला मिळाले नाहीत.